सवलत आणि हक्क : डॉ. सुस्लोवाबाईंच्या चरित्राचा बोध

आमच्या लोकांना ‘पहिल्या’ची मोठी हौस आहे. पहिली पदवीधर स्त्री कोण, पहिली स्त्री-वैद्य कोण, पहिली वकील कोण, ही नावे मुलांकडून पाठ करून घ्यावी, वर्षातून एक दिवस तसबिरीला हार घालावा, आणि दुसरी, दहावी व शंभरावी यांचे पुढे काय झाले याची विचारपूस न करता आभारप्रदर्शन करून सभा उठवावी, हा आमचा ठरलेला क्रम होऊन बसला आहे. आज ज्या बाईंचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो त्याही एक ‘पहिल्या’च होत. रशियन स्त्रियांपैकी वैद्यकातील डॉक्टर ही पदवी सर्वांच्या आधी मिळविणाऱ्या नादेझ्दा प्रोकोफ्येव्हना सुस्लोवा त्या ह्याच. त्यांच्या बुद्धीचे व धैर्याचे कौतुक करावे तितके थोडे आहे. परंतु त्या पहिल्या झाल्या, एवढ्यावर त्यांची कथा संपत नाही. ज्या दारातून त्या आत गेल्या ते त्यांच्यामागे कितीदा लागले, कोणी लावले, आणि कोणी पुन्हा उघडले, हे पाहिल्यावाचून त्या चरित्राचा अर्थ लागावयाचा नाही. कायद्याचा अभ्यास केलेल्या मनुष्याला तर त्यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

सुस्लोवाबाईंचा जन्म सन १८४३ मध्ये निझ्नी नोव्हगोरोद प्रांतातील पानिनो या खेड्यात झाला. वडील प्रोकोफी सुस्लोव्ह हे काउंट शेरेमेत्येव्ह या बड्या सरदाराचे भूदास होते. भूदास म्हणजे जमीनदाराच्या मालमत्तेत ज्याची गणना होते असा शेतकरी. त्याने कोठे राहावे, काय काम करावे, लग्न कोणाशी करावे, हे सर्व धन्याच्या मर्जीवर. प्रोकोफी हा हुशार व कर्तबगार गृहस्थ. सरकारने भूदासांची मुक्तता करण्याच्या बऱ्याच आधी त्याने स्वतःची सुटका करून घेतली, आणि पुढे त्याच सरदाराच्या जमिनीचा तो कारभारी झाला. दास्याची चव घेतलेल्या या मनुष्याने आपल्या दोन्ही मुलींना उत्तम शिक्षण दिले. थोरली अपोलिनारिया लेखिका झाली. परंतु आज जग तिला ओळखते ते कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की याची प्रेयसी म्हणून. धाकट्या नादेझ्दाने मात्र कोणाच्याही चरित्रातील एका प्रकरणापुरते उरण्याचे नाकारले.

सन १८६१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने भूदासांना मुक्त केले, आणि साऱ्या रशियात नवे वारे खेळू लागले. जो मनुष्य काल विकला जात होता तो आज स्वतंत्र झाला; मग त्याची मुलगी शिकली तर बिघडले कोठे, असा प्रश्न तरुण मंडळी उघडपणे विचारू लागली. पीटर्सबर्ग येथे सैन्यखात्याच्या ताब्यात असलेली वैद्यक व शस्त्रक्रियेची अकादमी होती. शरीरक्रियाशास्त्रातील थोर संशोधक इव्हान सेचेनोव्ह आणि शरीररचनाशास्त्राचे अध्यापक ग्रुबर यांसारख्या उदार प्राध्यापकांनी काही तरुणींना आपल्या व्याख्यानांना बसू दिले. सुस्लोवाबाई व त्यांची मैत्रीण मारिया बोकोवा या त्यांपैकीच. चेर्निशेव्हस्कीने किल्ल्यातील तुरुंगात बसून सन १८६३ मध्ये ‘काय करावे ?’ नावाची जी गाजलेली कादंबरी लिहिली तिची नायिका अखेरीस वैद्यकाकडे वळते, आणि तिचे प्रत्यक्षातील मूळ या बोकोवाबाईच होत, असे पुष्कळांचे मत आहे. चेर्निशेव्हस्कीचा संबंध असलेल्या ‘सोव्रेमेन्निक’ मासिकात सुस्लोवाबाईंच्या कथाही प्रसिद्ध झाल्या. सारांश, ज्या मंडळावर पोलिसांची रात्रंदिवस नजर होती त्याच मंडळात त्या वावरत होत्या.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मुली अकादमीत बसत होत्या त्या कोणत्या आधारावर ? त्यांना बसू द्यावे असा नियम नव्हता. बसू देऊ नये असाही नव्हता. प्राध्यापकांची मर्जी हाच काय तो आधार. मर्जीवर मिळालेली वस्तू मर्जी फिरताच जाते. विद्यार्थ्यांच्या चळवळींनी सरकार बिथरले, सन १८६३ च्या नव्या विद्यापीठ-नियमांनी विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद झाली, आणि लवकरच या अकादमीतूनही स्त्रियांना बाहेर काढण्याचा हुकूम सुटला. ज्यांनी शिकविले त्या प्राध्यापकांना वाईट वाटले असेल; पण वाईट वाटण्यावर अपील चालत नाही.

या हुकुमातून एकच बाई वाचल्या, आणि त्यांची हकीकत व्यापारी वर्गाने विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. वार्वारा काशेवारोवा ही अनाथ मुलगी. पंधराव्या वर्षी तिने एका व्यापाऱ्याशी लग्न केले, ते पुढे शिकू देईन असे त्याच्याकडून वचन घेऊन. लग्न लागले आणि वचन विसरले. बाईंनी घर सोडले आणि सुईणीचे शिक्षण घेतले. त्या वेळी ओरेनबुर्गकडील बाश्कीर लोकांत उपदंशाचा रोग फार माजला होता, आणि तेथील मुसलमान स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येत नसत. तेव्हा या कामासाठी स्त्री-डॉक्टर पाहिजे, अशी तिकडील सैन्याच्या अधिकाऱ्यांची गरज दाखवून काशेवारोवाबाईंना खास परवानगी व शिष्यवृत्ती मिळाली. सन १८६८ मध्ये त्या परीक्षा उतरल्या. पण पुढे काय झाले ? सैन्याच्या नोकरीत स्त्री-डॉक्टरला जागा देण्याची तरतूद नाही, या सबबीवर ज्या कामासाठी त्यांना शिकविले त्या कामावर त्यांची नेमणूक कधी झालीच नाही ! ‘गरज सरो, वैद्य मरो’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर गरज सरलीही नव्हती. बाश्कीर स्त्रिया रोगाने झिजत राहिल्या, आणि त्यांच्यासाठी तयार केलेली डॉक्टर राजधानीत बसून राहिली. सवलतीने मिळालेल्या विद्येची ही पहिली परीक्षा, आणि तीत विद्येचा दोष रतिमात्र नव्हता.

इकडे सुस्लोवाबाईंनी दुसरा मार्ग धरला. मायदेशी दार बंद झाल्यावर त्या सन १८६५ मध्ये स्वित्झर्लंडातील झुरिच येथे गेल्या. तेथील विद्यापीठात स्त्रियांना व्याख्याने ऐकण्यास बसू देत असत. परंतु सुस्लोवाबाईंना नुसती श्रोती म्हणून बसावयाचे नव्हते. वर्ग संपवून परीक्षेची वेळ आली तेव्हा त्यांनी पदवीची मागणी केली. आणि पदवीसाठी रीतसर नोंदणी लागते असे कळल्यावर नोंदणीचीही केली. विद्यापीठाच्या नियमांत स्त्रियांना स्पष्ट मनाई नव्हती. सन १८६७ च्या आरंभी त्यांचे नाव विद्यार्थी म्हणून पटावर चढले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वात मोठे कृत्य हेच. प्रबंध पुढे आला, पदवी पुढे आली. पण एका अर्जाने त्यांनी मर्जीचे रूपांतर नोंदीत केले, आणि नोंद झाली की तिचा दाखला पुढच्या अर्जदाराला देता येतो. वकील मंडळींना याचे मोल सांगावयास नको.

ता. १४ डिसेंबर १८६७ रोजी त्यांनी भर सभेत आपला प्रबंध मांडला. बेडकाच्या शरीरात लसिका नावाचा द्रव पुढे ढकलणारी, हृदयाप्रमाणे स्पंदन करणारी लहान इंद्रिये असतात. त्यांच्या क्रियेचा अभ्यास हा प्रबंधाचा विषय होता, आणि मार्गदर्शन सेचेनोव्ह यांचे होते. याच सुमारास इंग्लंडात काय चालले होते हे ताडून पाहण्यासारखे आहे. सन १८६५ मध्ये एलिझाबेथ गॅरेट या बाईंनी लंडनच्या औषधिविक्रेत्यांच्या संघाकडून वैद्यकीचा परवाना मिळविला, कारण संघाच्या सनदेत स्त्रीला नकार देता येईल असे कलम नव्हते. बाई आत जाताच संघाने नियम बदलून ती वाट बुजवून टाकली. कायद्याच्या भिंतीत एक फट सापडली, एक बाई आत शिरली, आणि गवंड्याने लगोलग चुना भरला. झुरिच येथे मात्र फट बुजली नाही, तिचे दार झाले. सुस्लोवाबाईंच्या मागून सन १८७० मध्ये फ्रान्सेस मॉर्गन या ब्रिटिश बाई, आणि सन १८७१ मध्ये मारिया बोकोवा त्याच विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

पदवी घेऊन सुस्लोवाबाई मायदेशी परतल्या तेव्हा सरकारने त्यांना सांगितले की, परदेशची पदवी पुरेशी नाही, येथे पुन्हा परीक्षा द्या. त्यांनी ती दिली, आणि व्यवसायाचा हक्क मिळविला. फ्रीड्रिख एरिसमान या स्विस डॉक्टरशी त्यांचा विवाह झाला. हे एरिसमान पुढे मॉस्को विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले, आणि विद्यार्थ्यांचा कैवार घेतल्यामुळे सन १८९६ मध्ये त्यांना ती जागा सोडावी लागली. पतिपत्नींची वाट कालांतराने वेगळी झाली व बाईंनी प्राध्यापक गोलुबेव्ह यांच्याशी दुसरा विवाह केला. आमच्यातील काही सोवळी मंडळी येथे नाक मुरडतील हे आम्ही जाणून आहो. पुरुष वैद्याच्या घरची चौकशी न करता त्याचे औषध आपण निमूटपणे घेतो. तोच न्याय बाईंना लावावा, एवढेच आमचे म्हणणे. पीटर्सबर्ग, नंतर निझ्नी नोव्हगोरोद, आणि सन १८९२ नंतर क्रिमियातील आलुश्ता, अशा ठिकाणी त्यांनी मुख्यतः स्त्रियांची शुश्रूषा केली. गरिबांकडून पैसे घेतले नाहीत. खेड्यातील शाळेला पदरचे साहाय्य केले.

आता त्या दारावर काय प्रसंग आला तो पाहू. सुस्लोवाबाईंच्या यशाची वार्ता रशियात पसरताच मुलींची रीघ झुरिचकडे लागली. सन १८७३ पर्यंत तेथे शिकणाऱ्या रशियन तरुणींची संख्या शंभराच्या घरात गेली, व त्यांतील बहुतेक वैद्यकाच्या विद्यार्थिनी होत्या. त्या काळी झुरिच हे रशियातून परागंदा झालेल्या क्रांतिकारकांचेही ठाणे होते. मुली दिवसा शवच्छेद शिकत आणि रात्री समाजवादावर वाद घालीत. झारचे सरकार घाबरले, आणि त्याने एक फर्मान आपल्या राजपत्रात छापले. सन १८७४ च्या १ जानेवारीनंतर ज्या स्त्रिया झुरिचच्या विद्यापीठात राहतील त्यांना रशियात कोणत्याही परीक्षेस बसू दिले जाणार नाही, कोणत्याही शिक्षणसंस्थेत घेतले जाणार नाही व सरकारी परवान्याचे कोणतेही काम मिळणार नाही. एवढ्यावर न थांबता या मुली स्वैराचारी आहेत, आणि प्रसूतिशास्त्र शिकण्यात काहींचा हेतू पापी आहे, असे गलिच्छ आरोपही त्या सरकारी कागदात घातले होते.

या फर्मानाचा आम्ही कायद्याच्या दृष्टीने विचार करतो तेव्हा त्यातील मूर्खपणा त्यातील दुष्टपणाहूनही अधिक वाटतो. ज्याने अपराध केला त्याला शिक्षा द्यावी, हे न्यायाचे मूळ तत्त्व. येथे शंभर मुलींपैकी काहींच्या मतांबद्दल शंभरांची विद्या जप्त झाली. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही, बचावाची संधी नाही. परिणाम काय झाला ? काही मुली बर्न, जिनीव्हा, पॅरिस येथे गेल्या. काही रशियात परतल्या त्या स्टेथॉस्कोप टाकून, आणि मॉस्कोच्या कापडगिरण्यांत मजुरीण म्हणून शिरून कामगारांत क्रांतीचा प्रचार करू लागल्या. सन १८७७ मध्ये ‘पन्नासांचा खटला’ म्हणून जो प्रसिद्ध झाला त्यातील आरोपींत झुरिचच्या या विद्यार्थिनी होत्या.

त्यांच्यातील एकीची हकीकत सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. व्हेरा फिग्नेर ही खानदानी घरची मुलगी. नवरा न्यायखात्यात नोकरीला. खेड्यातील गोरगरिबांना औषध द्यावे या एकाच ध्यासाने ती सन १८७२ मध्ये झुरिच येथे आली. फर्मानानंतर ती बर्नला गेली, आणि पदवी अगदी हाताशी आली असता सन १८७५ च्या अखेरीस सोबत्यांच्या हाकेस ओ देऊन परतली. समारा व सारातोव्ह प्रांतांतील खेड्यांत तिने डॉक्टरच्या मदतनिसाचे काम केले. रोग्यांची झुंबड उडे. परंतु ही बाई औषध देते की राजद्रोह शिकविते, या संशयाने स्थानिक अधिकाऱ्यांनी तिला काम करणे अशक्य केले. अखेर ती ‘जनतेची इच्छा’ या गुप्त संस्थेत गेली. सन १८८१ च्या मार्चात ज्या कटाने झार दुसरा अलेक्झांडर याचा बाँबने बळी घेतला त्या कटाच्या सूत्रधारांत व्हेरा फिग्नेर होती. सन १८८३ मध्ये ती पकडली गेली. फाशीची शिक्षा रद्द होऊन तिने श्ल्युसेलबुर्गच्या किल्ल्यात वीस वर्षे काढली.

हत्येचे समर्थन आम्ही करीत नाही, आणि प्रत्येक बाँबचे खापर सरकारच्या डोक्यावर फोडणेही सरळपणाचे होणार नाही; फिग्नेरबाईंनी आपला मार्ग समजून उमजून निवडला होता. परंतु ज्या हाताला सरकारने औषधाची बाटली निर्वेधपणे धरू दिली असती तो हात कटाकडे वळला नसता, असे म्हणण्यास जागा आहे. विद्येचे दार बंद करून राज्य सुरक्षित होते, ही राज्यकर्त्यांची फार जुनी भ्रांती आहे. दार बंद केले म्हणून माणसे घरी परत जात नाहीत. ती भिंतीखालून वाट खणतात.

पण सगळेच अधिकारी आंधळे नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. युद्धमंत्री मिल्यूतिन यांच्या आश्रयाखाली सन १८७२ मध्ये त्याच पीटर्सबर्गच्या अकादमीत ‘सुशिक्षित सुइणीं’साठी म्हणून स्त्रियांचा वर्ग उघडला. नाव सुईणीचे, शिक्षण बहुतांशी डॉक्टरचे. आणि हा वर्ग उघडला कशाच्या बळावर ? सैबेरियातील एका श्रीमंत घरची कन्या लिदिया रोद्स्त्वेन्नाया हिने पन्नास हजार रूबल दिले म्हणून ! सन १८७६ मध्ये हा पाच वर्षांचा पूर्ण वैद्यकीय अभ्यासक्रम झाला. पुढच्याच वर्षी तुर्कांशी युद्ध जुंपले, आणि या वर्गातील विद्यार्थिनींनी रणांगणामागील इस्पितळांत जखमा बांधल्या व विषमज्वराच्या साथीशी झुंज दिली. त्यांच्या कामाची वाहवा झाली. तरीही झारच्या हत्येनंतर नव्या युद्धमंत्र्याने सैन्यखात्याचा या वर्गाशी संबंध नको म्हणून सन १८८२ मध्ये नवा प्रवेश थांबविला, व सन १८८७ मध्ये वर्ग संपुष्टात आला. पुन्हा दहा वर्षे अर्ज, निधी, शिष्टमंडळे यांत गेली, तेव्हा कोठे सन १८९७ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र वैद्यकीय संस्था पीटर्सबर्गमध्ये उभी राहिली. हा हिशेब वाचकांनी मांडून पाहावा. सुस्लोवाबाईंची पदवी सन १८६७ ची. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींना मायदेशी टिकाऊ संस्था मिळावयास तीस वर्षे लागली. आणि मध्यंतरी दार दोनदा उघडून दोनदा लागले. दरवेळी ते लागले एका हुकुमाने. उघडले मात्र अनेकांच्या पैशाने व परिश्रमाने.

सुस्लोवाबाई सन १९१८ च्या एप्रिलात आलुश्ता येथे वारल्या. झारशाही कोसळून वर्ष लोटले होते, बोल्शेविकांनी सत्ता घेतली होती, आणि क्रिमियात यादवी माजली होती. भूदासाच्या पोटी जन्मून त्यांनी दास्यमुक्ती पाहिली, झारची हत्या पाहिली, आणि साम्राज्याचा अंतही पाहिला. नव्या राज्याने स्त्रियांना सर्व विद्यालये खुली केली. सन १९५० च्या सुमारास सोव्हिएत रशियात दर चार डॉक्टरांत तीन स्त्रिया होत्या. ही गोष्ट थोर खरी. पण तिची दुसरी बाजूही सांगावयास हवी. तेथे डॉक्टरचा पगार पुष्कळदा कसबी कामगाराहून कमी असे, आणि मोठ्या संस्थांच्या गाद्यांवर बहुधा पुरुषच बसत. संख्येने सारे साधते असे नाही. हक्काबरोबर मोबदला व अधिकार आला नाही तर तो हक्क अर्धाच.

कोणी विचारील की, या रशियन पुराणाशी आमचा काय संबंध ? संबंध आहे, आणि तो मुंबईच्या बंदरातूनच आला. सुस्लोवाबाईंच्या मागून झुरिचची पदवी घेणाऱ्या ज्या फ्रान्सेस मॉर्गनबाईंचा उल्लेख वर आला, त्याच विवाहानंतर डॉ. फ्रान्सेस हॉगन झाल्या. हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांचे स्वतंत्र खाते असावे, असा लेख त्यांनी सन १८८२ मध्ये एका इंग्रजी मासिकात लिहिला. तो मुंबईत वाचला गेला, आणि जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी गृहस्थ यांनी वर्गणी जमवून एक निधी उभा केला. त्या निधीने सन १८८३ मध्ये डॉ. एडिथ पीची यांना मुंबईस आणले. आणि या पीचीबाईही इंग्लंडात दार न उघडल्यामुळे स्वित्झर्लंडातील बर्न येथे जाऊन डॉक्टर झालेल्या. पेस्तनजी होर्मसजी कामा यांनी लाखाहून अधिक रुपये दिले, आणि सन १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडले. झुरिचच्या पटावरील एका नोंदीपासून मुंबईच्या इस्पितळापर्यंत अशी ही साखळी आहे. आणि तिच्या दोन कड्या व्यापाऱ्यांच्या पैशाने घडल्या आहेत, याचा आमच्या व्यापारी बंधूंना अभिमान वाटावयास हरकत नाही.

पण या साखळीची पुढची कडी आम्हां वृत्तपत्रकारांना खाली मान घालावयास लावणारी आहे. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला तेव्हा त्याने कोर्टात दावा लावला. सन १८८७ च्या मार्चात निकाल झाला की नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात बसा. बाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पीचीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या; तडजोड होऊन दावा मिटला; आणि रखमाबाई सन १८८९ मध्ये विलायतेस जाऊन सन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या व परत येऊन सुरत आणि राजकोट येथे आयुष्यभर स्त्रियांची सेवा करीत राहिल्या. त्या वेळी लोकांच्या हक्कांसाठी सरकारशी झुंजणाऱ्या ‘केसरी’सारख्या पत्राने बाजू कोणाची घेतली ? रखमाबाईंची नव्हे. परक्या सत्तेला ‘आमचा हक्क, तुमची मेहेरबानी नको’ असे बजावणारे लोक घरातील स्त्रीला मात्र मेहेरबानीच देऊ करीत होते. आम्ही राष्ट्रवादी आहो, त्या पिढीचे ऋण आम्ही मानतो. आणि म्हणूनच ही चूक दुसऱ्याने दाखविण्याआधी आपणच कबूल करावी हे आम्हांला उचित वाटते. देश स्वतंत्र झाला की स्त्री आपोआप स्वतंत्र होते, हे गणित रशियात जसे सुटले नाही तसे आमच्याकडेही सुटले नाही.

जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एक अलीकडची गोष्ट सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये अफगाणिस्तानच्या तालिबानी राज्यकर्त्यांनी मुलींना विद्यापीठे बंद केली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचर्या व सुईणपण शिकविणाऱ्या संस्थांनाही मुलींचे शिक्षण थांबविण्याचा हुकूम झाला. स्त्री-रोग्याने पुरुष वैद्यापुढे जाणे जेथे लोकाचाराला रुचत नाही आणि राज्यकर्त्यांनाही रुचत नाही, त्याच देशात स्त्रीने सुईणही होऊ नये ! बाश्कीर स्त्रियांची कथा दीडशे वर्षांनी पुन्हा घडत आहे, आणि झारच्या फर्मानाची शाई अजून वाळलेली नाही, असेच म्हणावे लागते. तेव्हा एकदा उघडलेले दार उघडेच राहते, या समजुतीत कोणी राहू नये.

आणि फर्मान काय राजेच काढतात ? मुलगी डॉक्टर आहे म्हणून जे घर तिला मोठ्या थाटाने सून करून आणते, आणि मग रात्रपाळी नको, दवाखाना नको, पुढचे शिक्षण नको असे एकेक कलम वाढवीत जाते, त्या घरातही एक लहानसे राजपत्र निघतच असते. काशेवारोवाबाईंच्या व्यापारी नवऱ्याने वचन मोडले त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु त्याचे वंशज आमच्या पेठांत आजही भेटतात. शिकू ‘देतो’, काम करू ‘देतो’, हे शब्द ज्या घरात अभिमानाने बोलले जातात तेथे अजून सवलतीचाच अंमल आहे, असे समजावे.

सुस्लोवाबाईंनी काय केले ? त्यांनी मर्जीने मिळालेले बाक सोडले आणि पटावर नाव घालण्याचा आग्रह धरला. आमच्या वाचकांनीही तोच आग्रह धरावा. ज्यांच्या हाती संस्था आहेत त्यांनी स्त्रियांविषयीचे नियम प्रमुखाच्या चांगुलपणावर न सोडता लेखी करावे, आणि रात्रपाळीच्या सुरक्षिततेची व बाळंतपणानंतर परत येण्याची तरतूद त्यांत घालावी. ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांनी एका हुशार मुलीच्या सत्कारापेक्षा दहा सामान्य मुलींच्या वसतिगृहाला तो द्यावा. रोद्स्त्वेन्नायाबाईंच्या पन्नास हजारांनी आणि कामांच्या लाखाने जे केले ते कोणत्याही हारतुऱ्याने झाले नसते. आणि ज्यांच्या हाती फक्त आपले घर आहे त्यांनी ‘देतो’ हा शब्द तेवढा सोडून द्यावा. पहिलीचा मान पहिलीपाशी सुखरूप आहे. आमच्या दारात उभी आहे ती शंभरावी, आणि तिला आपण आत येण्याची परवानगी देतो की तिची जागा तिच्या नावाने नोंदवून ठेवतो, यावरून आमची परीक्षा व्हावयाची आहे.